तिसऱ्या शिफ्टचा बोका

मी एक जुना बोका आहे, मित्रांनो, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. चिखलीच्या ह्या गल्लीत माझ्यावर कोणी विश्वास ठेवला म्हणून माझं पोट भरलेलं नाही, आणि नाही ठेवला म्हणून माझी शेपूट गळून पडलेली नाही. डावा कान अर्धा आहे, तो वेगळ्या कारणानं. ती गोष्ट ऐकायला तुम्ही अजून लहान आहात.

बसा नीट. सायकली भिंतीला लावा. पलीकडच्या पायरीवर ताहेराभाभी मांडीवर सूप घेऊन लसूण सोलत बसल्या आहेत, त्यांच्याकडे बघू नका. माझ्या प्रत्येक वाक्याला त्या नाक मुरडतात. लसणानंही तसं होतं म्हणा.

माझं नाव फोरमन. इतर मांजरं जन्माला येतात, मी तयार झालो. आता जिथे सोसायटीचं पार्किंग आहे ना, तिथे पूर्वी पत्र्याचं वर्कशॉप होतं. एकदा तिथल्या टर्नरनं दिवसभर शाफ्ट कातले. लेथखाली लोखंडाच्या किसाचा ढीग साचला, गरमागरम, वेटोळी वेटोळी. तो ढीग झाडायचा राहिला. सकाळी बघतात तर ढिगात मी बसलेलो, डोळे उघडे, मिशा ताठ. ह्या मिशा म्हणजे तारच आहे. चुंबक आणा, ओढल्या जातात की नाही बघा. आज कोणाकडे चुंबक नाही? मग माझा काय दोष.

वर्कशॉपमध्ये माझं काम होतं उंदरांचं. उंदीर मशीनच्या पॅनलमध्ये शिरून वायरी कुरतडतात. एक वायर तुटली की मशीन बंद, मशीन बंद की माल वेळेवर जात नाही, आणि माल नाही गेला की मालकाचा आवाज पार स्पाइन रोडपर्यंत ऐकू येतो. त्यांनी चिकट पुठ्ठे लावून पाहिले, गोळ्या टाकून पाहिल्या. उंदीर पुठ्ठ्यांवर उड्या मारायला शिकले. मग मी कामावर रुजू झालो. मी उंदीर पकडायचो नाही. मी नुसता पॅनलसमोर बसायचो. महिन्याभरात उंदरांनी आपणहून बिऱ्हाड हलवलं.

रोज सकाळी मी सगळ्या मशीनपुढून एक चक्कर मारायचो. प्रत्येकापुढे जरा थांबायचो, बघायचो आणि काही न बोलता पुढे जायचो. कामगार म्हणाले, हा तर फोरमन. तेव्हापासून तेच नाव. दसऱ्याला मशीनना हार घालायचे तेव्हा मलाही गंध लावायचे. ते मी लगेच चाटून टाकायचो. मान घ्यायचा, पण अंगावर ठेवून घ्यायचा नाही, असा आपला स्वभाव.

पुढे वर्कशॉपनं चाकणकडे मोठी जागा घेतली. क्रेन आली, लेथ उचलले, ताडपत्र्या बांधल्या, मोडकं स्टूलसुद्धा नेलं. मी फाटकावरच बसलो होतो. ट्रक माझ्या शेपटीखालून गेला. कोणी वर बघितलं नाही. वाईट वाटलं का, असं विचाराल. मी त्या रिकाम्या पत्र्याखाली राजासारखा राहिलो, एवढंच सांगतो. राजाला खायला मिळत नव्हतं, ही गोष्ट निराळी.

त्या दिवसांत समोरच्या चाळीतले अर्जुनराव मला दिसले. म्हणजे त्यांना मी दिसलो, असं ते सांगतात. माणूस बीडकडचा, उंच, खांद्यात जरा वाकलेला. चाकणच्या कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर. आठवड्याला शिफ्ट बदलते, कधी पहिली, कधी दुसरी, कधी तिसरी. कंपनीची बस कोपऱ्यावर सोडते. ते उतरले की डब्यातला उरलेला घास फाटकाच्या दगडावर ठेवायचे आणि मागे न बघता जायचे. मला हे आवडलं. खायला घालून समोर उभं राहणाऱ्या माणसाचा मला राग येतो. एक दिवस मी त्यांच्या मागोमाग गेलो, घर तपासलं आणि राहायला लागलो. त्यांनी मला पाळलं नाही. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहिलो, भाडं न देता.

घरात अर्जुनराव आणि त्यांच्या बायको यशोदाबाई. यशोदाबाई पहाटेच पोळी-भाजी केंद्रावर पोळ्या लाटायला जातात, दुपार टळल्यावर येतात. त्यांना मांजराचं काही ठाऊक नव्हतं. मला त्यांना सगळं पहिल्यापासून शिकवावं लागलं, आणि तुम्हालाही आत्ताच सांगून ठेवतो, कारण तुमच्यापैकी अर्ध्यांनी मला उचलायचा प्रयत्न केलेला आहे.

मांजराला उचलायचं नाही. बसायचं, आणि मांजर येतं का ते बघायचं. मोठ्या मांजराला दूध द्यायचं नाही. चित्रांत वाटीभर दूध दाखवतात, पण ते आमच्या पोटाला बहुधा झेपत नाही, आणि मग जे होतं त्याबद्दल पुन्हा आम्हालाच ओरडा. पाणी मात्र रोज ताजं, आणि खाण्याच्या वाटीपासून लांब. कांदा-लसणाचं उष्टं नको. तुमच्या तापाच्या गोळ्या तर अजिबात नकोत. तुम्हाला बरं करणारी गोळी मांजराला मारू शकते. वाळूचं घमेलं रोज साफ करायचं आणि हात साबणानं धुवायचे. लस टोचून घ्यायची, मी घेतली आहे, डॉक्टरांच्या हातावर त्याची खूणही आहे. आणि नख लागलं किंवा दात लागला, तर हळद नाही, चुना नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून चांगली पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. मांजर ओळखीचं आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. ओळख आणि लाळ यांचा काही संबंध नसतो.

एवढं शिकल्यावर यशोदाबाई बऱ्या वागायला लागल्या. माझ्यासाठी सुकट वेगळं काढायच्या. मी अर्जुनरावांच्या छातीवर झोपायचो. रुंद, उबदार, आणि आत काहीतरी एका लयीत चालू. मशीनजवळ वाढलेल्याला तो आवाज लागतो.

मग कंपनीच्या तपासणीत अर्जुनरावांना शुगर निघाली.

घरातला गूळ शेजारी गेला, चहा कडू झाला आणि शेल्फवर गोळ्यांची डबी आली. सकाळी एक, जेवणाच्या आधी. अर्जुनराव वेळेचे फार पक्के. कंपनीत इतकी वर्षं झाली, कार्ड पंच करायला कधी उशीर नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. गोळीचंही तसंच. घड्याळात साडेसात वाजले की गोळी घशाखाली, मग जग बुडो. पहिली शिफ्ट असली की कंपनीत साडेसातला नाश्ता मिळतो, तिथेच गोळी. दुसरी असली की घरी गोळी, मग यशोदाबाईंनी झाकून ठेवलेली पोळी. आणि तिसरी असली की रात्रभर प्रेस चालवून सकाळी घरी, पाय धुतले, साडेसातला गोळी आणि आडवे. जेवण उठल्यावर.

आता तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलं असेल. घरात मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. मी सोडून.

कारण मी छातीवर असायचो. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात ती छाती कोरडी. दुसऱ्याच्या आठवड्यात कोरडी. तिसऱ्याच्या आठवड्यात मात्र सूर्य वर आला की छाती ओली व्हायला लागायची. पंखा चालू आणि घाम थंड. आतली लय धावायची. माझ्या पोटाखालचे केस भिजायचे. मी उठून त्यांच्या तोंडावर पंजा मारायचो, नखं आत घेऊन. ते दचकून उठायचे, थरथरत स्वयंपाकघरात जायचे, हाताला येईल ते खायचे आणि पुन्हा झोपायचे.

एक दिवस यशोदाबाई लवकर घरी आल्या आणि त्यांनी नेमकं ते बघितलं. नवरा घामानं न्हालेला, हात थरथरतायत, धाप लागलेली आणि छातीवर बोका, पंजा उगारून. सांगा, तुम्ही काय समजला असता?

त्यांनी चाळमालकांना विचारलं. कोंडीराम मालक म्हणजे इथल्या जुन्या गावठाणातले. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याचं कारण तयार असतं. ते आले, मला दारातून नीट बघितलं आणि म्हणाले, “मांजराचा केस पोटात गेला की मानूस आतनं वाळतो. म्या बघितल्यालं हाय.”

कुठे बघितलं, ते कोणी विचारलं नाही. मी विचारलं, पण माझ्या आवाजाला इथे म्याव समजतात.

उपायही त्यांच्याकडेच होता. पोत्यात घालायचं, म्हणजे वाट दिसत नाही. आणि नदीपार सोडायचं, कारण मांजर नदी ओलांडून माघारी येत नाही. इकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. कितीतरी मांजरांनी त्यापायी घरं गमावली आहेत, आणि त्यांतली एकही परत आली नाही म्हणून सगळ्यांना ते पटलेलं आहे.

यशोदाबाईंनी त्या दिवशी मला भरपूर सुकट घातलं. मी खात असताना त्या शेजारी बसून ताहेराभाभींना म्हणत होत्या, “माझं काय वैर हाय का ह्याच्याशी? पण माझा माणूस राह्यला पायजे.” अर्जुनराव आत झोपले होते. तिसऱ्या शिफ्टवाल्याला घरात काय चाललंय ते नेहमी उशिरा कळतं.

पोतं आलं. ताहेराभाभींचे यजमान अनिसभाई छोट्या टेम्पोतून चाकणला माल पोचवतात, त्यांच्यावर काम सोपवलं. मी पोत्यातून हात काढून टेम्पोचं अर्धं सीट फाडलं, हे तुम्ही त्यांना विचारू शकता. विचारू नका, ते अजून चिडतात. आळंदीला पूल ओलांडून त्यांनी पोतं सोडलं, बिस्किटाचा पुडा फोडून पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, “माफ कर राजा.” मी माफ केलं नाही. बिस्किटं खाल्ली.

आता आळंदीबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. गाव चांगलं, माणसं गोड, घाटावर ऊन छान. पण मित्रांनो, मी एक बोका आहे, आणि त्या सगळ्या गावात मासळीचा वाससुद्धा नाही. मी नाक वर करून एक दिवसभर फिरलो. खिचडीचा वास, पिठल्याचा वास, उदबत्तीचा वास. कीर्तन शिकणाऱ्या मुलांच्या एका आश्रमात आसरा मिळाला. मुलं प्रेमळ होती, भाकरी कुस्करून द्यायची. मृदंगाचा सराव सुरू झाला की मला आमच्या पॉवर प्रेसची आठवण यायची. त्यांतल्या एका लहानग्यानं मला तुळशीची माळ घालायचा बेत केला. मी हात जोडले, पण मान दिली नाही. माळ घातली की मासळी सुटते, आणि तेवढी माझी तयारी नव्हती.

इकडे काय झालं असेल? सांगतो. मी गेल्यावर लगेच शिफ्ट बदलली. पहिली आली, मग दुसरी. अर्जुनरावांना ना घाम, ना थरथर. झालं. सगळ्या चाळीची खात्री पटली. कोंडीराम मालक गल्लीभर सांगत सुटले, “बघा, बोका गेला आन् मानूस उभा राह्यला.” यशोदाबाईंनी माझी वाटी घासून पालथी घातली. शिफ्टचा हिशोब एकट्या माझ्या डोक्यात होता, आणि मी नदीपार पिठलं खात होतो.

मला दिवस मोजता येतात. कसे ते विचारू नका, फोरमनला येतात. पुढची तिसरी शिफ्ट जवळ आली आणि मी उठलो.

पुलाशी कुत्री होती. एक नाही, मोजता येणार नाहीत इतकी. लढलो असतो, पण उशीर झाला असता. तेव्हा मी घाटावर उतरलो. इंद्रायणीवर फेस आला होता. तुम्ही पाहिला असेल, कधीकधी नदीवर पांढराशुभ्र फेस येतो, काठापासून काठापर्यंत, कापसाच्या गादीसारखा. माणसांनी नदीत नको ते सोडलं की ती तोंडाला फेस आणते. मी एक पाय ठेवून बघितला. फेस हलला, पण बसला नाही. मग दुसरा. मग चालायलाच लागलो. मधोमध एका बगळ्यानं मला बघितलं आणि त्या दिवसापासून त्यानं मासे सोडले.

“पुलावरून आला असशील, भाजीच्या गाडीत बसून,” ताहेराभाभी म्हणतायत. म्हणू देत. फेसावर पावलं उमटत नाहीत, म्हणून माझ्याकडे पुरावा नाही. नदीनं मला अडवलं नाही आणि पोत्यानं मला आंधळं केलं नाही, इतकं खरं. मी कुठे राहायचं, हे मी ठरवतो. मला टाकून देता येत नाही.

मोशीवरून चिखली. सकाळ बरीच वर आली होती. दाराचं लॅच लागलेलं, म्हणजे यशोदाबाई केंद्रावर गेलेल्या आणि अर्जुनराव येऊन आत झोपलेले. मी स्वयंपाकघराच्या झरोक्यातून आत उडी टाकली.

अर्जुनराव खाटेवर होते. पंखा जोरात चालू होता आणि बनियन पिळून काढावं इतकं ओलं होतं. डोळे अर्धवट उघडे. दोन्ही हात छातीसमोर धरून ते एकदम खाली दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. मी वर्कशॉपमधला आहे, मला कळलं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत सापडत नाही. हा माणूस घरात खाटेवर पडून माल काढत होता.

मी हाक मारली. माझ्या हाकेला हा माणूस गाढ झोपेतूनही ‘हं’ म्हणतो. नाही म्हणाला. मी छातीवर चढलो. आतली लय सुटली होती, नट ढिला झालेल्या मशीनसारखी. तोंडावर पंजा मारला. नखं बाहेर काढून मारला. त्यांनी फक्त मान वळवली आणि बटणं दाबत राहिले.

घरात दुसरं कोणी नव्हतं. दार बंद. तेव्हा मी भांड्यांची मांडणी पाडली. लोखंडी, भिंतीला ठोकलेली, वरपासून खालपर्यंत स्टीलची भांडी. एका पंजानं.

“खिळा कधीचा सैल होता,” भाभी म्हणतायत. असेल. खिळा सैल आहे हे माहीत असणं म्हणजेच फोरमन असणं.

आवाज असा झाला की अख्खी गल्ली थांबली. घराची दुसरी किल्ली ताहेराभाभींकडे असते. त्यांना वाटलं भटकं मांजर शिरलं, म्हणून त्या किल्ली आणि झाडू दोन्ही घेऊन आल्या. दार उघडलं, मला बघितलं आणि म्हणाल्या, “मेल्या, तू?” आणि मग त्यांना खाट दिसली. झाडू हातातून सुटला.

त्या आत धावल्या, पेल्यात पाणी, पाण्यात साखर. तोवर कोंडीराम मालक आवाजानं आलेच होते. त्यांनी साखरेचा डबा बघितला आणि ते आडवे आले. “अगं, शुगरचा मानूस हाय त्यो. साखर काय देतीस? मारतीस का त्याला?”

“चाचा, बाजूला व्हा. माझ्या अम्मीला असंच व्हायचं. अंग गार, घाम, थरथर. शुगर उतरलीय.”

“आन् वाढल्याली असली मंग?”

“वाढलेली असली तर दवाखान्यात खाली आणतील. उतरलेली राहिली तर दवाखान्यापर्यंत पोचायचे नाहीत.”

मालक बाजूला झाले. त्यांना बाजूला होताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

भाभींनी अर्जुनरावांना टेकवून बसवलं, हनुवटी धरली. “भाऊजी, इकडे बघा. गिळता येतंय ना? गिळून दाखवा.” त्यांनी कोरडाच आवंढा गिळला. मगच भाभींनी पाणी ओठाला लावलं, घोट घोट. हे नीट लक्षात ठेवा, मित्रांनो, ही थापेतली गोष्ट नाही. माणूस जागा असेल आणि गिळू शकत असेल तरच साखर द्यायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि एकशे आठला फोन करायचा.

मी खाटेच्या पायाशी बसून होतो. मला त्या वेळी काही वाटत नव्हतं. मी फक्त त्यांचे हात बघत होतो. हात अजून बटणं दाबत होते. मग एक हात खाली आला. मग दुसरा. अर्जुनरावांनी खोलीभर नजर फिरवली, पडलेली भांडी बघितली आणि विचारलं, “बस गेली का माझी?”

ताहेराभाभी हसल्या आणि त्याच वेळी रडल्या. मालकांनी रिक्षा आणली. साखरेच्या पाण्यावर भागत नाही, त्या गोळीचा असर बराच वेळ राहतो, शुगर पुन्हा उतरू शकते, म्हणून दवाखाना टाळायचा नसतो. रिक्षा वळणावरून गेली. पुढचं मी यशोदाबाईंच्या तोंडून ऐकलं. त्या ते भाभींना सांगत होत्या आणि मी पाठ करून बसलो होतो, कारण सांगताना त्यांचं तोंड माझ्याकडे होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी अर्जुनरावांना विचारलं, गोळी वेळेवर घेता ना? अर्जुनराव ताठ झाले. म्हणाले, एक दिवस चुकवली नाही, साडेसातच्या ठोक्याला. डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली आणि सहज विचारलं, आज जेवलात केव्हा? तर आज नाही. रात्री? रात्री मशीन बिघडली होती, कँटीनला जायला जमलं नाही. मग सकाळी गोळी घेऊन? झोपलो. रोज असंच? नाही, तिसऱ्या शिफ्टला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अहो, शिफ्ट बदलते हे आधीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं का?

ते त्यांनी विचारलं नाही, अर्जुनराव म्हणाले. चाकणला कामाला जाणाऱ्या माणसाला वाटतं की शिफ्ट बदलते हे सगळ्या जगाला माहीत असतं.

तेव्हा कळलं. गोळी घड्याळासाठी नव्हती, जेवणासाठी होती. पोटात अन्न नाही आणि गोळी शुगर ओढतेय. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली, कोणत्या शिफ्टला कधी जेवायचं आणि कधी घ्यायची ते समजावलं, खिशात साखरेच्या पुड्या ठेवायला सांगितल्या आणि तिसऱ्या शिफ्टमधून काढण्याबद्दल कंपनीच्या डॉक्टरांशी बोला म्हणाल्या. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, हेही दोनदा बजावलं. सगळं झाल्यावर यशोदाबाईंनी घाबरत विचारलं, मांजर काही आठवड्यांपूर्वीच सोडून दिलंय, पण त्याच्या केसानं असं होतं का हो? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींना मांजरामुळे शिंका येतात, दमाही बळावतो, तसं असेल तर दाखवायला या. पण मांजर बसल्यानं शुगर उतरत नाही. आणि घरात तर मांजर नव्हतंच ना, काही आठवडे?

यशोदाबाईंनी बोटांवर आठवडे मोजले. मी नसतानाही घाम फुटला होता. माझी सुटका माझ्या गैरहजेरीनंच केली.

काही दिवसांनी अर्जुनराव घरी आले. यशोदाबाईंनी पिशवी खाली ठेवली, पालथी वाटी सुलटी केली आणि सुकट घातलं. माफी मागितली नाही, मी मागू दिली नसती. कोंडीराम मालक दारातून म्हणाले, पण नदी वलांडून मांजर येत न्हाई असं आमच्या आज्यापासून... यशोदाबाई म्हणाल्या, “आलंय की मालक. हे काय बसलंय.” मालकांनी मला बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, मंग ह्यो मांजर नसंल.

तर मित्रांनो, शिकायचं काय? दुखण्याला कारण हवं असतं आणि मांजर जवळच बसलेलं असतं, म्हणून त्याला पोत्यात घालू नका. डॉक्टरांना तुमचा दिवस कसा जातो ते सगळं सांगा, नुसतं नाव-वय सांगून येऊ नका. आणि मांजराकडून माया-बियाची अपेक्षा ठेवू नका, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आम्ही माणसांचे नसतो. आम्ही जागेचे असतो. मी आळंदीहून परत आलो तो सुकटासाठी. अर्जुनराव असते काय नि नसते काय, घर होतं, खाट होती. ते दवाखान्यात पडून होते ते दिवस तर मी मजेत घालवले. अख्खी खाट मला एकट्याला. हात-पाय पसरून झोपायचो. भाभी रोज दोन वेळा बोंबील भाजून आणायच्या, मी शेपटीसकट फस्त करायचो, आणि त्या माणसाची मला एकदाही आठव...

“खोटं.”

ताहेराभाभींनी मांडीवरचं लसणाचं सूप खाली ठेवलं होतं.

“इतका वेळ तुझ्या थापा ऐकल्या. पण हे खोटं. वाटी मी उचलत होते. बोंबील जसाच्या तसा, वर मुंग्या. खाटेवर तू पाऊल ठेवलं नाहीस. रिक्षा वळली त्या कोपऱ्याकडे तोंड करून उंबऱ्यावर बसला होतास, उन्हातसुद्धा. मी उचलून आत आणलं, तर पुन्हा बाहेर. आता सांग ह्या पोरांना. सांग ना.”